मदत हवी आहे : वर्षभराच्या ज्ञानेश्वरी वाचनाची आखणी

नमस्कार मंडळी,
इंदूरला राजेंद्रनगर भागात पाडव्यापासून घरोघरी सामूहिक ज्ञानेश्वरी वाचन सुरू करायचं आहे. सात दिवसांच्या पारायणात ओव्या भराभर उरकतात, समाधान आठवडाभरही टिकत नाही. रोज थोडं, पण अर्थासह वाचलं की ते दिवसभराच्या वागण्यात मुरतं. म्हणून हा घाट.

ओव्या सुमारे ९०३३. रोज २५ धरल्या तर ३६२ दिवस. म्हणायला पाच-सहा मिनिटं, अर्थ धरून वीस.

अडचण अध्यायांच्या लांबीची आहे. बारावा २४७ ओव्यांचा, दहा दिवसांत होतो; तेरावा मात्र ४७ दिवस चालतो आणि अठरावा ७३. सहाव्यातल्या कुंडलिनीच्या वर्णनापाशीही नवखी माणसं गळतात. तिथे रोज दहाच ओव्या घ्याव्यात का? मग वर्ष लांबेल. की आधी बारावा वाचून गोडी लावावी आणि मग पहिल्यापासून सुरुवात करावी? आम्हाला दुसरं पटतं, पण क्रम मोडणं जुन्या वाचकांना रुचेल का?

दुसरं, हिंदी माध्यमातली मुलं. लिपी येते, पण 'ळ'चा 'ल' होतो, 'चांगला'तला 'च' 'चहा'सारखा उच्चारतात. ओवी अडखळली की लाजून गप्प बसतात. मोठ्यांनी एक चरण म्हणायचा, मुलांनी मागून, एवढं ठरलंय. याहून सोपी रीत कुणी वापरली आहे का?

आणि खंड पडला तर? दुसऱ्या दिवशी ५० ओव्या भरून काढायला सांगितलं की माणूस येणंच सोडतो. बडोदा, ग्वाल्हेरची मंडळी काय करतात?