मामाचा मस्कतचा ॲम्प ठेवू की नवा ॲम्प आणि वेगळा फोनो स्टेज घेऊ?

डोंबिवलीची तबकडी

नमस्कार मंडळी. बाबांच्या रेकॉर्डी गेल्या वर्षी माझ्याकडे आल्या. दीडशेच्या आसपास एलपी, निम्म्याहून अधिक नाट्यसंगीत आणि ख्याल. शिवाय एका पत्र्याच्या ट्रंकेत चाळीसेक ७८ आरपीएमच्या, लाखेच्या, हातात घेतानाही भीती वाटावी अशा.

टर्नटेबल नवा घेतला, ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स, त्यावर मूळचीच व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसते तो भाग). ॲम्प मात्र जुना जपानी, मामाने ऐंशीच्या दशकात मस्कतहून आणलेला. त्याला फोनो इनपुट आहे, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा फोनो स्टेज त्याच्या पोटातच आहे. स्पीकर छोटे, बुकशेल्फ, ८८ डीबी संवेदनशीलतेचे. खोली दहा बाय बारा, बसतो सात फुटांवर.

त्रास असा: फोनोवर लावलं की सतत घुंऽऽ. विलंबित ख्यालात तानपुऱ्याच्या मागे दुसरा तानपुरा वाजतोय असं वाटतं, आणि तोही सुरात नाही! टोनआर्मला (सुईच्या दांडीला) बोट लावलं की घुं निम्मं होतं. शिवाय 'स', 'श' कानाला टोचतात, आवाजाची मूठ फिरवताना खरखर होते.

दुकानदार म्हणतो जुनं काढून टाका. नवा ॲम्प, वेगळा फोनो स्टेज, वर त्याची केबल. माझी झेप पंचेचाळीस हजारांपर्यंत आणि त्याचा हिशेब केबलशिवायच तिथे पोचतो. बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही. काय करू?

ठाण्याचा श्रोता

टर्नटेबलच्या मागे फोनो/लाइन असा बारीक स्विच आहे. लाइनवर टाका आणि वायर ॲम्पच्या ऑक्समध्ये (साध्या इनपुटमध्ये) लावा, म्हणजे टर्नटेबलच्या पोटातलाच फोनो स्टेज वापरला जाईल. फुकट आहे, महिनाभर ऐका. फक्त लाइनवर ठेवून फोनो इनपुटमध्ये खुपसू नका, आवाज फाटतो. मी केलंय ते.

बुधवारातले काका

दुकानदाराकडे जाऊ नका इतक्यात. चाळीस वर्षं रेडिओ-ॲम्प उघडतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी घुं. तुमची कार्ट्रिज देते चारेक मिलिव्होल्ट. फोनो स्टेज ते शंभरपट करतो, ४० डीबी म्हणतात ते हेच. पण सगळं सारखं वाढवत नाही. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि टिपेकडचा भाग उचललेला असतो, नाहीतर खर्जाच्या लाटेने खाच शेजारच्या खाचेत घुसेल. वाजवताना ते उलटं फिरवायचं. १९५४ पासून रिआ नावाचा जो वक्र रूढ झाला त्यानुसार १००० हर्ट्झच्या मानाने २० हर्ट्झला साधारण दहापट उचल आणि २०,००० ला दहावा हिस्सा. आता आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. तिथे साधारण सातपट उचल मिळते. म्हणून जो गोंगाट ऑक्सवर कळतही नाही तो फोनोवर अंगावर येतो. यात फोनो स्टेज बिचारा आपलं काम करतोय.

बोट लावल्यावर घुं कमी होतंय म्हणजे अर्थिंग. टर्नटेबलच्या अर्थ टर्मिनलवरून ॲम्पच्या मागच्या जीएनडी स्क्रूपर्यंत वायर आहे का? असली तर स्क्रू काढून खाली बघा, रंग किंवा गंज असतो. दुसरं, टर्नटेबल ठेवलाय कुठे?

'स' टोचण्याचं कारण वेगळं असू शकतं. व्हीएम९५ईला १०० ते २०० पिकोफॅरडच्या दरम्यान कपॅसिटन्स (केबल आणि इनपुट मिळून विजेची साठवण) लागतो. मीटरभर केबलच शंभराच्या घरात जाते. जुन्या ॲम्पच्या इनपुटवर आणखी दोनशे असले की बेरीज तीनशे, आणि वरच्या पट्टीत टेकाड तयार होतं. कारागिराने इनपुटवरचा तो बारका कपॅसिटर बदलला की काम होतं. नवा फोनो स्टेज घ्यायची वेळ आलीच तर किमतीआधी हा आकडा आणि गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) बघा. आधी सुई मात्र ब्रशने साफ करा आणि वजन दोन ग्रॅमवर आहे ना ते तपासा, नाहीतर माझं हे सगळं पुराण वाया.

खरखर म्हणजे व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, मुठीमागच्या भागात, धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा आणि मूठ वीसेक वेळा फिरवायची. वॅटची काळजी सोडा. तुमच्या खोलीत आणि त्या स्पीकरना तीस-चाळीस वॅट भरपूर.

हडपसरचा ट्यूबवाला

काकांचं बरोबर, पण ट्यूबच्या (जुन्या रेडिओतल्यासारख्या व्हॉल्व्हच्या) फोनो स्टेजवर किशोरीताई ऐकल्यात का कधी? मी तीन वर्षं पैसे साठवून घेतला. कर्ज नाही काढलं, पण गाडीची सर्व्हिसिंग दोनदा पुढे ढकलली. पश्चात्ताप शून्य.

एक शंका: आमच्या आजोबांचा एचएमव्हीचा प्लेयर थेट रेडिओला लागायचा, मध्ये फोनो-बिनो काही नव्हतं. मग आताच का लागतो?

बुधवारातले काका

त्या प्लेयरमध्ये क्रिस्टल कार्ट्रिज असायची. ती शेकडो मिलिव्होल्ट देते आणि तिच्या स्वभावातच तो वक्र बराचसा भरून निघतो. म्हणून रेडिओच्या मागे 'ग्राम' लिहिलेल्या भोकात खुपसली की गाणं सुरू. सुईचा भार मात्र असा, की रेकॉर्ड नांगरून काढायची.

तबकडीकर, तुमच्या ॲम्पवर बास-ट्रेबलच्या मुठी आणि मोनोचं बटण आहे का? असेल तर तो विकू नका. ७८ची खाच रुंद असते, एलपीची सुई तिच्या तळाशी लोळते. तुमच्या कार्ट्रिजच्या मूळ अंगावरच व्हीएमएन९५एसपी ही ७८ची सुई बसते, ओढून काढा आणि दुसरी लावा. तिला भार बराच जास्त लागतो, डब्यावर लिहिलेला असतो तो लावा आणि एलपीच्या वेळी परत कमी करा. जुन्या ७८ रिआच्या आधीच्या, प्रत्येक कंपनीचा वक्र वेगळा. रिआतून त्या दबलेल्या वाटतात, ट्रेबल हातानेच चढवावा लागतो. मोनो दाबलं की खरखर चक्क कमी होते. आताच्या कित्येक महागड्या ॲम्पवर यातलं एकही बटण नसतं.

डोंबिवलीची तबकडी

काका, सांगायलाही लाज वाटते. टर्नटेबल ॲम्पच्या डोक्यावरच ठेवला होता, जागा नाही म्हणून. खाली बरोबर ट्रान्सफॉर्मर, घुं तिथूनही येत असणार.

काल रात्री जीएनडीचा स्क्रू काढला. खाली काळा रंग, जसाच्या तसा. पोरीच्या कंपासमधल्या कर्कटकाने खरवडला, पितळी चमक दिसेपर्यंत. वायर आवळली आणि टर्नटेबल दोन फूट लांब, शिवणयंत्राच्या टेबलावर नेला. सुई न टेकवता मूठ बारावर नेली. नुसता बारीक फुसफुस आवाज. घुं नाही. सवयीने टोनआर्मला बोट लावून पाहिलं, काही फरक नाही.

मोनोचं बटण आहे! इतकी वर्षं ते कशाचं ते माहीत नव्हतं, बाबा ते दाबूनच ठेवायचे. मुठीही दोन्ही आहेत. 'स' अजून टोचतोच. सुई साफ केली, वजन दोनच ग्रॅम निघालं, तेव्हा शनिवारी ॲम्प रिक्षात घालून कारागिराकडे नेतो. ७८ची सुई मागवली आहे.

शिवणयंत्र आता कुठे ठेवायचं, हे बायको विचारते आहे.