गिंप: पारदर्शक लेयरवर पेस्ट केलेलं चित्र दिसतच नाही

मखर
गिंप (चित्र संपादनाचं सॉफ्टवेअर) २.१०, विंडोज. लग्नपत्रिका करायची आहे, ५ × ७ इंच, ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे १५०० × २१०० पिक्सेल. खाली मरून रंगाचा लेयर (चित्राचा थर), त्यावर एक कोरा पारदर्शक लेयर. दुसऱ्या फाइलमधला सोनेरी गणपती कॉपी करून कोऱ्या लेयरवर कंट्रोल-व्ही केलं की नुसती हलणारी तुटक चौकट दिसते, गणपती नाही. लेयरच्या यादीत ‘फ्लोटिंग सिलेक्शन’ (पेस्ट केलेला, अजून कुठल्याच लेयरमध्ये न बसलेला तुकडा) येतं, डोळ्याचं चिन्हही चालू आहे. तोच गणपती मरून लेयरवर पेस्ट केला तर व्यवस्थित दिसतो. काय चुकतंय?

रेघोट्या
लेयरच्या यादीच्या वर ‘लॉक’ अशी ओळ आहे, तिच्यातलं बुद्धिबळाच्या पटासारखं चौकड्यांचं बटण बघा. ते दाबलेलं असणार. ते अल्फा लॉक. त्याचा अर्थ, लेयरची पारदर्शकता जिथे जेवढी आहे तेवढीच ठेवायची, फक्त रंग बदलू द्यायचा. तुमचा लेयर पूर्ण पारदर्शक, मग रंग बसणार कुठे? खात्री करायची तर त्या लेयरवर ब्रश फिरवून बघा, एक ठिपकाही उमटणार नाही. मरून लेयर पूर्ण भरलेला आहे, म्हणून तिथे अडत नाही.

मात्र गणपती दिसतोय पण सोंडेपाशी सरळ रेषेत कापलेला, असं झालं तर कारण वेगळं. लेयर कॅनव्हासपेक्षा लहान आहे. पिवळी तुटक रेघ दिसते ती त्याची हद्द. लेयर मेनूतून ‘लेयर टू इमेज साइझ’ करा.

आणि मुळात कोरा लेयर आधी करून ठेवायची गरजच नाही. पेस्ट केल्यावर लगेच शिफ्ट-कंट्रोल-एन दाबा, तरंगतं सिलेक्शन स्वतःच स्वतंत्र लेयर होतं. कंट्रोल-एच दाबलंत तर ते खालच्या लेयरमध्ये मुरतं आणि मग वेगळं हलवता येत नाही. पत्रिकेत गणपती शेवटपर्यंत इकडेतिकडे सरकवावा लागतोच, तेव्हा नवा लेयरच बरा. ३.० पासून साधं पेस्ट केलं तरी नवा लेयरच होतो.

मखर
अल्फा लॉकच होता, काढल्यावर दिसला. धन्यवाद! आता मरूनवर गणपतीच्या कडेने बारीक पांढरी किनार दिसतेय. मूळ फाइलमध्ये ती जाणवत नव्हती.

अक्षरजुळणी
मूळ फाइलची पार्श्वभूमी पांढरी असणार, म्हणून किनार तिच्यात लपून गेली. कड गुळगुळीत दिसावी म्हणून काठावरचे पिक्सेल अर्धे सोनेरी, अर्धे पांढरे असतात. पांढरं कापून काढलं तरी त्या पिक्सेलमधला पांढरा अंश तसाच राहतो आणि गडद रंगावर उठून दिसतो.

झटपट उपाय: लेयरवर राइट क्लिक, ‘अल्फा टू सिलेक्शन’. सिलेक्ट मेनूतून ‘श्रिंक’ १ पिक्सेल. कंट्रोल-आय करून सिलेक्शन उलटवा, डिलीट. डिलीट केल्यावर पारदर्शक होण्याऐवजी रंग भरला गेला तर त्या लेयरला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची नोंद, नाही. लेयर > ट्रान्सपरन्सी > ‘अ‍ॅड अल्फा चॅनल’ करा आणि पुन्हा डिलीट करा.

पण जानव्याची रेघ किंवा मुकुटाची नक्षी दोन-तीन पिक्सेलचीच असेल तर श्रिंकने ती तुटते. तिथे ज्या बटणाने आधी अडवलं तेच कामाला लावा. गणपतीच्या लेयरवर अल्फा लॉक चालू करा, कंट्रोल दाबून ब्रशने जवळचा सोनेरी रंग उचला आणि ५-६ पिक्सेलच्या मऊ ब्रशने काठ रंगवत जा. रंग बाहेर सांडत नाही, कडेचा गुळगुळीतपणाही टिकतो, फक्त पांढऱ्याच्या जागी सोनेरी येतं. वेळ लागतो, पण छापल्यावर फरक कळतो.

‘कलर टू अल्फा’, म्हणजे निवडलेला रंग पारदर्शक करणारं साधन, मात्र इथे पांढऱ्यासाठी वापरू नका. सोनेरी रंगातली पांढरट चमकही तो पारदर्शक करतो आणि तिथून मरून दिसायला लागतं. पांढऱ्या कागदावरच्या काळ्या सहीला किंवा निळ्या शिक्क्याला ते साधन उत्तम आहे.

शाईपेन
पेस्ट करताना पिक्सेल आहेत तेवढेच येतात. ६०० पिक्सेल रुंदीचा गणपती तुमच्या पत्रिकेत २ इंचच भरणार. ताणून ४ इंच केलात तर धूसर छापला जाईल, त्यापेक्षा मोठी फाइल शोधा. ब्राउझरमधून थेट कॉपीही करू नका, बऱ्याचदा पारदर्शकता वाटेतच गळते आणि मागे काळं किंवा पांढरं येतं. पीएनजी उतरवून घ्या आणि कंट्रोल-ऑल्ट-ओ, म्हणजे ‘ओपन अ‍ॅज लेयर्स’ने आणा. आणल्यावरही मागे राखाडी चौकड्या दिसल्या तर त्या चित्रातच रंगवलेल्या आहेत, ती फाइल पारदर्शक नाहीच.