हात आधी मागे आला, चटका नंतर कळला, असं कसं?

इंदूरची_वहिनी: परवा रात्री गराडू (कंदाच्या फोडी) तळत होते, थंडी पडली की आमच्याकडे दर दोन दिवसांनी फर्माइश असतेच, तर कढईच्या कानाला बोट लागलं. गंमत म्हणजे हात आधी झटकन मागे आला, मग टोचल्यासारखं झालं, आणि थोडं थांबून खरी आग सुरू झाली. हे म्हणाले तुझा मेंदू स्लो आहे 😅 कोणी नीट सांगेल का? सासूबाई टूथपेस्ट घेऊन धावल्या ते वेगळंच.

जुना_तोपखाना: मेंदूला कळल्याशिवाय हात हलूच शकत नाही. सगळं एकदमच होतं, आपल्याला मागेपुढे वाटतं एवढंच.

फिजिओ_ताई: नाही काका, इथे तसं नसतं. बोटाकडून निघालेला संदेश मानेजवळ मेरुरज्जूत शिरतो आणि तिथल्या तिथेच दंडाच्या स्नायूला ऑर्डर जाते की आवळ, मागच्या बाजूच्या स्नायूला जाते की सैल सोड. मेंदूकडे खबर जाते, पण त्याच्या परवानगीसाठी कोणी थांबत नाही. शाळेत प्रतिक्षिप्त क्रिया शिकलो होतो बघा, तीच.

आता वहिनींचे दोन चटके. वेदना नेणारे तंतू दोन प्रकारचे असतात. ए-डेल्टा तंतूंवर मायलिनचं पातळ वेष्टण असतं, त्यांच्यातून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर धावतो, ते पहिलं टोचणं त्यांचं. सी तंतूंवर वेष्टणच नाही, त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपण राजवाड्याच्या गर्दीतून चालतो तेवढाच. बोटापासून मानेपर्यंत पाऊण मीटर तरी अंतर, म्हणून आग मागून येते. मेंदू स्लो नाही, वायर स्लो आहे, घरी सांगा. आणि टूथपेस्ट नको हो, नळाचं वाहतं गार पाणी २० मिनिटं, बर्फसुद्धा नको.

जुना_तोपखाना: बरं मानलं. पण मग पाहुण्यांसमोर चहाची गरम कपबशी हातात आली तर आपण टाकत नाही, ओठ चावून टेबलापर्यंत नेतो, ते कसं? मेरुरज्जूने हात झटकायला नको का?

फिजिओ_ताई: इथे मात्र मेंदू मधे पडतो, तुमचं अर्धं खरं होतं 🙂 मेंदूकडून खाली मेरुरज्जूपर्यंतही तंतू येतात, ते ही क्रिया दाबून धरू शकतात. पण त्यासाठी कप गरम असणार हे आधी माहीत असावं लागतं. कढईचा कान अचानक लागला तर मेंदूला तेवढा वेळच मिळत नाही.

जिरावण_जास्त: याच्यात एक माझंही. गराडूवर जिरावण मसाला जास्त पडला की तोंड भाजल्यासारखं होतं ना, ते नुसतं 'सारखं' नाही. त्या तंतूंच्या टोकाला टीआरपीव्ही१ नावाचं एक प्रथिन असतं, ते साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की उघडतं आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतं. तंतूला फरक कळत नाही, तो वर एकच निरोप पाठवतो, भाजलं. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे शोधलं, २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचाच वाटा. सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री बारा वाजता सू-सू करत उभी असलेली मंडळी म्हणजे खोट्या आगीचा अलार्म वाजवून घेणारी मंडळी.

इंदूरची_वहिनी: आमच्याकडे मग रोजच अलार्म 😂 ताई, भाजल्यावर मी दुसऱ्या हाताने मनगट घट्ट चोळत होते, त्याने खरंच बरं वाटलं, की मनाचे खेळ?

फिजिओ_ताई: खरंच. स्पर्शाचे तंतू जाड आणि जास्त वेगवान, ते मेरुरज्जूत पोचून वेदनेच्या निरोपाची वाट थोडी अडवतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये याला गेट म्हटलं, तपशील पुढे बदलले पण मूळ कल्पना अजून धरतात. फक्त भाजलेली जागा चोळू नका, आजूबाजूला.

इंदूरची_वहिनी: आज सकाळी पोहे करताना ओट्याच्या कोपऱ्याला पायाची करंगळी आपटली. थांबून मोजलं. एक हजार एक म्हणून झालं आणि मग कळ आली.

फिजिओ_ताई: पायाचं अंतर जास्त ना, म्हणून.