तुमचं देवक कोणतं, गोत्र कोणतं? अनुभव सांगा

धाकट्या भावासाठी स्थळ आलं. मुलगी, शिक्षण, पत्रिका, सगळं पसंत. मग मुलीकडच्या काकांनी विचारलं, "देवक काय तुमचं?" (देवक म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह, झाड, पान किंवा पीस, लग्नाच्या मांडवात पुजतात ते.) आई म्हणाली पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पानं, चुलते म्हणाले कळंबाचं झाड. घरात दोन तट! साताऱ्याला आत्तीला फोन लावला, तर ती म्हणाली, "तुझ्या बापाच्या लग्नात मांडवाच्या मेढीला, म्हणजे खांबाला, काय बांधलं होतं ते फोटोत बघा की." अल्बम आता मामाकडे आहे, तो येईपर्यंत सगळं अडलंय. तुमच्याकडे असं काही झालंय का? लिहा. वाद नको, अनुभव हवेत.

पुणेकर:
मी काश्यप, माझा नवरा शांडिल्य. गोत्रं वेगळी म्हणून आम्ही निर्धास्त होतो. गुरुजींनी मान हलवली, "प्रवर जुळतात." प्रवर म्हणजे गोत्राच्या मूळ ऋषींची नावं, ती जुळली तरी लग्न चालत नाही. आम्हा कोकणस्थांत गोत्रं चौदा, पण लग्नाच्या हिशेबात त्यांचे गट सातच. काश्यप-शांडिल्य एका गटात, वासिष्ठ-कौंडिण्य एका गटात. म्हणजे ज्याच्याबरोबर कॉलेजची तीन वर्षं चहा प्यायले तो शास्त्रानं माझा भाऊ निघाला. वडिलांच्या वकील मित्रानं सांगितलं की सगोत्र-सप्रवराची कायदेशीर अडचण 1946 सालीच दूर झाली आहे. वडिलांना ते पटलं, आजीला नाही. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. आजी जेवायला आली, अक्षता टाकायला नाही आली. पुढे पणतू झाल्यावर त्याला मांडीवरून खाली ठेवेना, ते वेगळं.

एक मोरे:
आमचं देवक मोरपीस. सगळी पोरं वहीत पीस ठेवून त्याला पिल्लू होण्याची वाट बघायची. मी ठेवलं तर आजीनं काढून देव्हाऱ्यात नेलं. बाकी काही अनुभव नाही, लग्न जमायचंय.

सोलापूरचा:
माझी बायको माझी सख्खी मामेबहीण. आमच्याकडे आत्याच्या मुलाचा पहिला हक्क, आजही. उलट मात्र चालत नाही. मामाच्या मुलाला आत्याची मुलगी करत नाहीत, वेल माघारी येऊ नये म्हणतात. माझा एक कोकणस्थ सहकारी हे ऐकून पाच मिनिटं गप्प बसला होता. 1955 च्या कायद्यात आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्या सपिंड, म्हणजे लग्न न चालणारं जवळचं नातं, धरतात, पण रूढी असेल तर सूट आहे. आमची रूढी आहे, त्यामुळे लग्न पक्कं.

पुणेकर:
बघा! मला सगोत्राचं "शास्त्रीय कारण" रक्ताचं सांगितलं होतं. माझा आणि नवऱ्याचा समान पूर्वज असलाच तर कुठल्या तरी ऋषींच्या काळात. तुमचा आजोबांपाशी. आणि अडचण आमची!

वाईची:
आमचं प्रकरण दत्तकाचं. आजोबा नवव्या वर्षी दत्तक गेले. आडनाव बदललं, गोत्र बदललं, आणि नंतर घरात कुणी त्याबद्दल बोलेचना. माझ्या आत्याला एक स्थळ आलं. गोत्र वेगळं, प्रवर वेगळं, पत्रिकेत छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. बैठकीत याद्या करायला घेतल्या आणि मुलाच्या आजोबांनी आपलं मूळ गाव सांगितलं. आमचे आजोबा पानाचं तबक तसंच ठेवून उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. स्थळ आलेला मुलगा आमच्या आजोबांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा नातू होता. कागदावर काहीच अडत नव्हतं असं घरच्यांना वाटलं, पण तसं नाही. 1956 च्या दत्तक कायद्यात स्पष्ट आहे की जन्मघरी ज्यांच्याशी लग्न झालं नसतं, त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही होत नाही. जुने लोक तर दोन्ही गोत्रं टाळत. स्थळ मोडलं. पण दोन्ही घरं त्या दिवशी पुन्हा जोडली गेली, आणि आत्याच्या लग्नात (दुसरीकडे जमलं) मांडवात सगळ्यात जास्त राबला तो हाच मुलगा.

बे एरियातून:
मुलाची बायको अमेरिकन. गुरुजींनी संकल्पात गोत्र विचारलं, सगळे एकमेकांकडे बघतात. दिरांनी कन्यादान करायची तयारी दाखवली. गुरुजी म्हणाले, "मग ती तुमच्याच गोत्राची होईल!" शेवटी माझ्या भावानं, म्हणजे मुलाच्या मामानं तिला मुलगी मानलं आणि आपलं गोत्र दिलं. सून आता माहेरी जाते म्हणजे डोंबिवलीला जाते.

औरंगाबाद:
विवाहाच्या एका संकेतस्थळावर गोत्राचा रकाना सोडून पुढेच जाता येईना. आमच्यात कूळ आहे, देवक आहे, खंडोबा आहे. गोत्र घरात कुणी कधी उच्चारलेलं नाही. ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायची पद्धत आहे असं कळलं, ठोकून दिलं. तर तिथल्या यंत्रानं आमच्याच जातीतली दोन चांगली स्थळं "सगोत्र" म्हणून गाळली. त्यांनीही काश्यपच ठोकलं असणार!

नाव नको:
आईच्या आईचं माहेरचं गोत्र किती जणांना माहीत आहे? मी विचारून बघितलं. आजीला सुद्धा आठवायला वेळ लागला.

धागा काढणारी:
अल्बम आला. फोटो काळापांढरा, पण मोठा करून बघितला तर मेढीला पाच प्रकारची पानं, त्यात आंब्याचं आणि वडाचं सरळ ओळखू येतंय. आई जिंकली. आनंदानं पलीकडे कळवलं.

त्यांचंही पंचपल्लवच.

आडनाव वेगळं, कूळ वेगळं. आत्ती म्हणते, देवक एक म्हणजे बहीण-भाऊ, विषय संपला. चुलते आता नव्या जोमानं म्हणतायत की आपलं कळंबच. आणि भावानं मुलीला परस्पर मेसेज केलाय, काय ते सांगत नाही.