देवासच्या वाड्यात १९४८ ची ब्यूक सुपर उभी आहे, घेऊ का?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय.

बायकोच्या मामांचा देवासला जुना वाडा आहे, त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९४८ ची ब्यूक सुपर ही अमेरिकन गाडी उभी आहे. मामांचे वडील वकील होते, त्यांनी ती इंदूरच्या एका गिरणीवाल्या शेटकडून सेकंडहँड घेतली होती. १९८४ नंतर चाललेली नाही. आता वाडा पाडायचा आहे म्हणून मामा म्हणतात तू घे, कबाड्याला द्यायला माझा हात धजणार नाही. किंमत घरातल्यासारखीच आहे, तो प्रश्न नाही.

परवा जाऊन आलो. चारही टायर मातीत रुतलेत, मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये उंदरांनी घरं केलीत, छताचं कापड लोंबतंय. पण बॉनेट बघून वेडा झालो, ते डावीकडूनही उघडतं आणि उजवीकडूनही, मामांनी दोन्हीकडून उघडून दाखवलं. पुढच्या मडगार्डाची गोलाई दारांवरून मागपर्यंत वाहत जाते, हात फिरवला तर धुळीखालून मूळचा गडद हिरवा निघाला. ग्रीलच्या उभ्या पट्ट्या सगळ्या आहेत, एक वाकलीय. बॉनेटच्या टोकावर बंदुकीच्या नेमासारखं शोभेचं निशाण असतं, त्याची रिंग नाही. व्हील कॅप दोनच. स्टीअरिंग उजवीकडे. आरसी बुक आहे, कोपरा वाळवीने खाल्लाय पण नंबर वाचता येतात, नाव अजून आजोबांचंच.

माझा नेहमीचा मिस्त्री म्हणतो इंजिन जाम असणार, काढून डिझेल इंजिन टाकू, महिन्याभरात रोडवर आणतो. मला ते पटत नाहीये पण मला यातलं काही कळतही नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी प्लीज सांगा, घ्यावी का आणि आधी काय बघावं?

दांडियाबाजार (बडोदा)

घ्या. आणि डिझेलचं नाव काढू नका, हात जोडून सांगतो.

माझ्याकडे १९४७ ची सुपर आहे, बारा वर्षं झाली. तुमच्या गाडीतलं इंजिन म्हणजे ब्यूकचं सरळ आठ सिलेंडरचं, २४८ क्युबिक इंच, म्हणजे साधारण ४.१ लिटर, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. त्या काळी पॅकार्डसारखी महागडी गाडीसुद्धा साइड व्हॉल्व्हवर होती आणि ब्यूक आधीपासून ओव्हरहेड व्हॉल्व्हच करत आली. पेट्रोल महागल्यावर आपल्याकडे किती अमेरिकन गाड्यांची इंजिनं काढून पर्किन्सची डिझेल इंजिनं बसवली आणि मूळ इंजिन भंगारात वजनावर गेलं, आता त्यांचे मालक तेच इंजिन शोधत फिरतात. तुमचं जागेवर आहे, यासारखं नशीब नाही.

आता महत्त्वाचं. स्टार्ट करायला जाऊ नका, बॅटरी जोडून सेल्फ तर मुळीच मारू नका. आठही प्लग काढा, प्रत्येक भोकात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि एसीटोन निम्मं निम्मं करून थोडं थोडं ओता आणि आठ दिवस सोडा, रोज थोडं घाला (एसीटोन पेट घेतं, बिडी-सिगारेट लांब). मग पुढच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने हलवून बघा, पुढे-मागे, जोर न करता. माझी नवव्या दिवशी हलली. घाई केली की रिंगा तुटतात नाहीतर रॉड वाकतो.

दुसरं म्हणजे या मॉडेलच्या कनेक्टिंग रॉडला व्हाईट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) वितळवून ओतलेलं असतं, बाजारात तयार बेअरिंग शेल मिळत नाही. ते ओतून बोअर करणारा जुना कारागीर शोधावा लागतो. माझ्या पहिल्या मिस्त्रीने ते न बघताच इंजिन बांधलं, दोनशे किलोमीटरवर खालून टकटक सुरू झाली आणि सगळं परत उघडावं लागलं. नवीन माणसाला काम देण्याआधी हा एकच प्रश्न विचारा, व्हाईट मेटल कुठे करून घेणार? उत्तर आलं नाही तर दुसरा बघा.

आणि किल्लीने सेल्फ लागत नाही म्हणून घाबरू नका. किल्ली ऑन करून ॲक्सिलेटर दाबला की सेल्फ लागतो, मुळातच तशी सिस्टिम आहे. कितीतरी मिस्त्री वायरिंग खराब समजून डॅशबोर्डला भोक पाडून बटण बसवतात. तुमच्या डॅशला भोक आहे का बघा.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

बडोदेकर काकांनी इंजिनाचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो कारण माझं तिथेच अडलं होतं.

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवा, टॉर्च आणि वायर ब्रश घेऊन जा. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या बाजूला सपाट जागी ठोकलेला असतो, तेलाच्या थराखाली दिसत नाही, रॉकेलने पुसा. नाव आजोबांचं आहे म्हणजे आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर, मग २९ आणि ३० ने तुमच्या नावावर. मामांना भावंडं असतील तर सगळ्यांची ना हरकत आत्ताच लिहून घ्या. मी पैसे आधी दिले आणि कागद नंतर करू म्हटलं, पुण्यातल्या एका चुलत भावाने सही द्यायला दीड वर्ष लावलं.

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम केलेत. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली, मोठा बदल न केलेली गाडी हवी. नवीन रजिस्ट्रेशनला २०,००० रुपये, दहा वर्षं चालतं, रिन्युअलला ५,०००. नवीन नंबर VA सीरिजचा मिळतो पण आधीच रजिस्टर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तो सोडू नका, त्या नंबरातच गाडीचा इतिहास आहे. मात्र रोज ऑफिसला नेता येणार नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. आणि मूळ रूपाची अट वाचा परत एकदा. डिझेल टाकलं की तिथेच संपलं.

नवलखा८ (इंदूर)

एक वेगळं मत. एवढा खर्च करायचाच तर कॅडिलॅक का नाही? शेपटीचे पंख, व्ही-८, हायड्रामॅटिक ऑटोमॅटिक. ब्यूक शेवटी जनरल मोटर्समध्ये एक पायरी खालीच होती ना.

दांडियाबाजार (बडोदा)

पायरी खाली होती हे खरंय, पण घरातली, कागद असलेली, उजव्या स्टीअरिंगची गाडी सोडून कॅडिलॅकच्या मागे लागणं मला पटत नाही. २०२३ च्या जानेवारीत आमच्या लक्ष्मी विलास पॅलेसला २१ गन सॅल्यूट हा जुन्या गाड्यांचा सोहळा झाला तेव्हा मी दिवसभर गाड्यांच्या खाली वाकून बघत होतो. एवढं बघितल्यावर कळतं की रंग आणि क्रोम पैशाने होतं, पूर्ण गाडी पैशाने होत नाही. इंदुरात तर महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग होती, चासी अमेरिकेची आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, ती आज भारतात नाही. जे इथे उरलंय ते तरी इथे राहू दे.

रामबागकर, एक राहिलं. अमेरिकेतून पार्ट मागवता येतात, गॅस्केट, ब्रेक सिलेंडरच्या किट, रबरं, पण ते सगळे डाव्या स्टीअरिंगवाल्यांसाठी. पेडलच्या दांड्या, स्टीअरिंगचं लिंकेज, डॅशबोर्ड हे तिकडचं बसणार नाही. त्यामुळे गंजलेला, वाकलेला, तुटलेला एकही तुकडा फेकू नका, शेडमधली माती चाळून घ्या. ती रिंग तिथेच पडलेली असेल.

बॅटरी ६ व्होल्टची आहे, केबल जाड घाला, आजच्या १२ व्होल्टच्या पातळ केबलवर सेल्फ रडतो आणि लोक म्हणतात इंजिन टाइट आहे. पंपाचा डायाफ्राम आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्याच घ्या, आताच्या ई-२० ने (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) जुनं रबर फुगतं. आणि मे महिन्यात माळव्यात दुपारी काढू नका, पेट्रोलची वाफ होऊन पाइपात अडकते आणि गाडी सिग्नलवर बसते.

रामबागकर (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत देवासला गेलो होतो. नंबर दोन्ही जुळले. मामांना एक बहीण आहे नागपूरला, त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं, कागद पाठवतायत. डॅशला भोक नाही. प्लग काढून मिश्रण ओतलंय, सात सहज निघाले, आठवा मागचा हललाच नाही, त्याला तसाच भिजत ठेवलाय, जोर केला नाही.

आणि माती चाळली. रिंग नाही मिळाली, पण तिसरी व्हील कॅप मिळाली, मामी तिच्यात गेली कित्येक वर्षं चिमण्यांना पाणी ठेवत होत्या. त्यांना नवीन मातीचं भांडं आणून दिलं.

पुढच्या रविवारी पुलीवर पाना लावतो, कळवतो.