हिमालयात 'खोल तितका खडक भाजलेला'? कोण म्हणतं?

गार्नेटवाला: काल इथे कुणीतरी छातीठोक लिहिलं की घडीच्या पर्वतात जितकं खाली जाल तितकं मेटामॉर्फिझम (उष्णतेने-दाबाने खडकाचं रूप पालटणं) जास्त, हिमालयही त्यातच. अहो, अलकनंदेच्या कडेकडेने बद्रीनाथच्या रस्त्याला लागा की एकदा! वाढत्या तापमानाची खनिजं ओळीने: आधी बायोटाइट, मग गार्नेट, मग कायनाइट आणि वर चढत गेलं की सिलिमनाइट नि अर्धवट वितळलेला मिग्माटाइट. जास्त भाजलेलं वर, सगळं उलटं. 'घड्या पडल्या' म्हणून हात झटकले की झालं का?

खडकफोड्या: तो कुणीतरी मीच. नियम सांगितला होता, अपवाद मलाही माहितीये. आयसोग्रॅड (एकेक खनिज दिसू लागतं त्या सीमा) नंतरच्या घडीत पालथे झाले, एमसीटी म्हणजे मेन सेंट्रल थ्रस्ट या मोठ्या भ्रंशाच्या शिअरने (खडक एकमेकांवर घासत सरकण्याने) फरपटले, संपला विषय. २००१ ला ते चॅनेल फ्लोचं मॉडेल (खोलवरचा अर्धवट वितळलेला थर टूथपेस्टसारखा दाबून बाहेर येतो म्हणे) आल्यापासून तुम्हा लोकांना जिथे तिथे टूथपेस्टच दिसते.

गार्नेटवाला: नुसते पालथे झाले असते तर प्रेशरही उलटं व्हायला हवं होतं ना? ते वर जाताना कमीच होतं. आणि खडक वितळून झालेले फिकट ल्युकोग्रॅनाइट काय आभाळातून पडले? दोनेक कोटी वर्षांपूर्वी खाली एमसीटी आणि वर साउथ तिबेटन डिटॅचमेंट हा दुसरा भ्रंश, दोन्ही सरकत होते, मधला वितळलेला थर बाहेर येणारच.

खडकफोड्या: थर्मोबॅरोमेट्रीत (खनिजांवरून जुनं तापमान-दाब काढण्यात) दाब एक किलोबार इकडेतिकडे म्हणजे खोलीत साडेतीन किलोमीटर गेले, त्यावर एवढी उडी? थिन सेक्शन (खडकाचा पातळ काप) सूक्ष्मदर्शकाखाली बघा, गार्नेटच्या आतल्या रेषा एस आकारात वळल्यात, वाढता वाढता शिअर खाल्लंय त्याने.

देवभूमी_फॅन: त्या एमसीटीमुळेच जोशीमठ खचलं ना २०२३ ला?

खडकफोड्या: झालं, आले! जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, १९७६ लाच सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने बजावलं होतं की मोठी बांधकामं नकोत.

देवभूमी_फॅन: पण खडक आधीच चुरडलेला असेल तर दरडी येणारच की, कमाल आहे.

सह्यकन्या: चुरडलेला आहेच, पण त्यावर हॉटेलं कुणी चढवली? आणि माझं दुखणं वेगळंच. आम्ही बेसाल्टवर वाढलेली पुण्याची पोरं, खरी घडी आयुष्यात पहिल्यांदा दिसली ती याच बद्रीनाथ रस्त्यावर, हेलंग गावाच्या अलीकडे, रस्त्याच्या कापात. परवा मैत्रीण जाऊन आली तर तिथे सगळी सिमेंटची भिंत! रुंदीकरण करा, पण निदान चार मीटर तरी उघडं ठेवा की रे.

देवभूमी_फॅन: मग दरड तुमच्या डोक्यात पडू दे का? यात्रेकरूंनी काय घडी बघत बसायचं?

सह्यकन्या: सगळ्याच कापांना भिंत लागत नाही हो, आधी उतार किती ते बघा.

गार्नेटवाला: मूळ प्रश्नाचं काय? प्रेशरला उत्तर नाहीये ना?

खडकफोड्या: बरं, निव्वळ पालथ्या घडीने प्रेशर जमत नाही, लिहून घ्या, फ्रेम करून लावा. शिअर मात्र मी सोडत नाही. आणि टूथपेस्ट तर नाहीच नाही.