मदत हवी आहे: लिनक्सवर मराठी वळणाचे ल आणि श कसे आणायचे?

नमस्कार मंडळी,

घरच्या जुन्या लॅपटॉपवर महिन्याभरापूर्वी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती टाकली. रॅम फक्त 4 जीबी, तरी मशीन छान पळतंय. थीम, पॅनल, शॉर्टकट सगळं मनासारखं लावून झालं. आयबस (टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्रॅम) आणि इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा कीबोर्ड आराखडा) वापरून मराठी टायपिंगही जमतंय.

अडलंय ते अक्षरांच्या वळणावर. फाइल मॅनेजरमध्ये, मेनूत आणि टेक्स्ट एडिटरमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवे आहेत. 2009 च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हीच रूपं दिली आहेत. आई या लॅपटॉपवर तिच्या कविता उतरवते, तिला तो दांडीचा ल खटकतो, आणि खरं सांगायचं तर मलाही.

फॉन्ट नोटो सान्स देवनागरी आहे, म्हणजे दोन्ही रूपं त्यात आहेत. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी केली की लगेच बरोबर दिसतं. ब्राउझरमध्येही, पानाची भाषा मराठी नोंदवलेली असेल तर ठीक. म्हणजे मजकूर मराठी आहे हे बाकीच्या प्रोग्रॅमना कळत नाही, एवढाच घोळ असावा.

मेनू इंग्रजीतच ठेवायचे आहेत, त्यामुळे सगळी सिस्टिम मराठी करायची नाही. फक्त एलसी-सीटाइप (अक्षरांच्या हाताळणीची सेटिंग) मराठी लोकेलवर, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या मराठी सेटिंगवर, ठेवलं तर पुरेल का? की पँगो-लँग्वेज हा व्हेरिएबल (पँगो या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीला भाषा सांगणारी सेटिंग) लावू? तो नेमका कोणत्या फाइलमध्ये लिहायचा, म्हणजे लॉगिन केल्यावर सगळीकडे लागू होईल? कुणी हे स्वतः करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.